हिवाळी सरोवरातील नकोसा मासा

काश्मीर म्हटले की केशराचे मळे, सफरचंदांच्या बागा आणि दल सरोवरावर संथपणे तरंगणारे शिकारे अशी दृश्ये मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु याच खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर उदरनिर्वाह करणारा ‘गाड हांज’ नावाचा समाज आहे. ‘गाड’ म्हणजे मासा. पर्यटक निघून गेल्यावर आणि बागांतील कामे थांबल्यावर सारे खोरे घराघरांतून शेकोटीभोवती बसलेले असते. त्या दिवसांतही या लोकांना पाण्यावर जावे लागते. अलीकडच्या काळात त्यांच्या जाळ्यात व भाल्याच्या टोकावर जो मासा येतो, तो बहुधा त्यांना हवा असलेला नसतो. हा प्रकार कसा घडून आला, हे समजून घेणे आपल्याकडील तळ्यांच्या व शेततळ्यांच्या मालकांनाही उपयोगाचे आहे. कारण तोच मासा आज आपल्याही पाण्यात वाढत आहे.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्लई कलान’ बसतो. चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. या थोरल्या थंडीच्या पाठोपाठ वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ व दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते आणि मग हिवाळा ओसरू लागतो. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे. जानेवारी २०२१ मध्ये तेथील रात्रीचे तापमान उणे ८ अंश सेल्सियसच्याही खाली उतरले होते आणि दल सरोवराचा पृष्ठभाग गोठला होता. एरवीच्या हिवाळ्यातही पहाटे काठालगत बर्फाचा पातळ पापुद्रा धरतोच.

श्रीनगरच्या वायव्येस असलेल्या आंचार सरोवरावरील अशी एक सकाळ नमुन्यादाखल पाहू. साठीच्या घरातील एक मच्छीमार व त्याचा पुतण्या आपली अरुंद, सपाट बुडाची नाव घेऊन निघतात. दोघांच्याही अंगात घोळदार फेरन असून त्याखाली पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरलेली असते. नाव काठापासून सुटावी म्हणून पुतण्या वल्ह्याने बर्फाचा पापुद्रा फोडतो. काचेची तावदाने फुटावी तसा आवाज होतो आणि काका त्याला हळू हात चालविण्यास सांगतो. कारण थंड पाण्यातून आवाज दूरवर जातो व मासा सावध होतो अशी त्याची पक्की समजूत आहे. पुढे जाऊन मोकळ्या पाण्यात नाव स्थिर केली जाते. काका नावेच्या टोकाशी पालथा ओणवा होतो, डोक्यावरून जाड घोंगडी ओढून घेतो आणि बाजूंनी गवताचा आडोसा करतो. आता त्याचे डोके, खांदे आणि खालच्या पाण्याचा हातभर तुकडा एवढेच काय ते त्या काळोख्या खोपटात उरते.

या पद्धतीस ‘छाया’ची मासेमारी असे म्हणतात. तिच्यातील युक्ती साधी पण शास्त्रशुद्ध आहे. उघड्यावर पाण्याकडे पाहिले असता पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश डोळ्यांत शिरतो व तळ दिसत नाही. घोंगडीने तो प्रकाश अडविला की पाणी आरपार दिसू लागते. शिवाय हिवाळ्यात पाणवनस्पती मरून खाली बसलेल्या असतात, उन्हाळ्यातील शेवाळाची दाटी नसते आणि सरोवरे उथळ असल्यामुळे तळ फार दूर नसतो. मासे सावलीच्या आश्रयाला आपण होऊन येतात, असेही मच्छीमार मानतात. हातात लांब बांबूच्या टोकाला बसविलेला अनेक दातांचा भाला असतो. तो आधीच पाण्यात उतरवून ठेवावा लागतो. वरून फेकला तर लाटेने मासा बिचकतो. मासा भाल्याखाली आला म्हणजे मनगटाचा एकच झटका. पाण्यात वस्तू असते त्याहून वर दिसते, हा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम या माणसाने कोठे शिकलेला नसतो. पण भाल्याचे टोक दिसणाऱ्या माशाच्या किंचित खाली धरण्याचे त्याचे अनुमान सहसा चुकत नाही.

अशा रीतीने तासन् तास जातात. कांगडीतील निखारे राखेने झाकले जातात, ते काडीने उकरून पुन्हा फुंकर घालावी लागते. ओल्या बांबूवर बोटे बधिर होतात. दुपार कलते तेव्हा टोपलीत सात मासे असतात आणि सातही एकाच जातीचे. जाड पाठीचे, पिवळसर पोटाचे, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असलेले. पुतण्या ते मोजतो. काका मोजत नाही. या माशाला खोऱ्यात ‘पंजीब गाड’ म्हणजे ‘पंजाबी मासा’ म्हणतात. काश्मिरी बोलीत बाहेरून आलेल्या वस्तूस पंजाबचे नाव चिकटणे स्वाभाविक आहे, कारण बाहेरचा रस्ता तिकडूनच येत असे. हा मासा मात्र मूळचा पंजाबचाही नव्हे. शास्त्रीय भाषेत तो ‘सायप्रिनस कार्पिओ’ होय. आपल्याकडे मत्स्यबीज विकत घेणारे शेतकरी त्याला नुसते ‘सायप्रिनस’ म्हणून ओळखतात.

संध्याकाळी ही टोपली शहरात जाते. श्रीनगरमध्ये मासे विकण्याचे काम पूर्वापार हांज समाजातील स्त्रियांकडे आहे; अमीरा कदल या पुलावर बसणाऱ्या कोळणी सर्व शहराच्या ओळखीच्या आहेत. गिऱ्हाईक येते, टोपलीत डोकावते आणि पहिला प्रश्न विचारते तो असा : “काशुर आहे का?” ‘काशुर गाड’ म्हणजे काश्मीरचा स्वतःचा मासा. नाही म्हटले की गिऱ्हाईक एकतर पुढे जाते किंवा भाव पाडून मागते. काशुर गाडीला पंजीब गाडीपेक्षा अधिक दर मिळतो आणि तो मिळणे मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. थंडीच्या दिवसांत मागणीही वाढते. पौष महिन्यात काश्मिरी पंडितांच्या घरी ‘गाड बत्त’ नावाचा विधी असतो; त्या रात्री घराच्या रक्षक देवतेला मासा व भात यांचा नैवेद्य दाखवितात. मुसलमान घरांतूनही थंडीत मुळ्याबरोबर किंवा कमळाच्या देठांबरोबर, ज्यांना तेथे ‘नद्रू’ म्हणतात, शिजविलेला मासा आवडीने खाल्ला जातो. अशा वेळी टोपलीत काय आहे यावर त्या कुटुंबाची आठवड्याची मिळकत ठरते.

काश्मीरचे मूळचे मासे

काशुर गाड ही एक जात नव्हे. तो एका प्रजातीतील अनेक जातींचा समूह आहे. ऑस्ट्रियातील प्रवासी बॅरन ह्यूगेल १८३५ मध्ये काश्मीरमध्ये आला होता. त्याने जमविलेल्या माशांचा अभ्यास करून व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ हेकेल याने १८३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. या माशांच्या पोटाच्या मागील भागात मोठ्या खवल्यांच्या दोन ओळी असून त्यांमध्ये चीर पडल्यासारखी दिसते. त्यावरून ‘शायझोथोरॅक्स’, म्हणजे दुभंगलेल्या छातीचा, असे त्यांच्या प्रजातीचे नाव आहे. हेकेलने वर्णन केलेल्या जातींची नावेही बोलकी आहेत : काळसर रंगाचा तो ‘नायजर’, कपाळाला बाक असलेला तो ‘कर्व्हिफ्रॉन्स’, युरोपातील पाइक नावाच्या शिकारी माशासारखा लांबट तो ‘एसोसायनस’. स्थानिक लोक यांनाच अनुक्रमे अल गाड, सत्तर गाड व छुर्रू म्हणतात. इंग्रजांनी या माशांना ‘स्नो ट्राउट’ म्हटले, ते केवळ दिसण्यावरून. वास्तविक ट्राउटचा आणि त्यांचा काही संबंध नाही. खरा ट्राउट काश्मीरमध्ये १९०० साली ब्रिटनमधून अंडी आणून सोडण्यात आला. काशुर गाड ही कार्पच्याच मोठ्या कुळातील आहे; म्हणजे आपला रोहू, कटला आणि तो नकोसा पंजीब हे सारे तिचे भाऊबंदच. भांडण आहे ते घरातल्या घरात, आणि शेतकऱ्याला ठाऊकच आहे की बांधाचे भांडण भावकीत लागते तेव्हा अधिक चिवट असते.

हे मासे थंड, स्वच्छ व प्राणवायूने समृद्ध अशा पाण्यासाठी घडलेले आहेत. त्यांतील काही खडकांवरील शेवाळ खरवडून खातात, काही कुजलेल्या वनस्पतींवर जगतात, तर छुर्रूसारखे काही किडे व लहान मासे खातात. अल गाड सरोवरातच अंडी घालते. परंतु इतर अनेक जाती वसंतात बर्फ वितळू लागले की प्रवाहाविरुद्ध पोहत ओढ्यानाल्यांच्या वाळूगोट्यांच्या पात्रात जातात आणि तेथे अंडी घालतात. त्यांची वाढ मंद असते, पक्वता यायला वर्षे लागतात आणि अंड्यांची संख्याही बेताचीच. निसर्गाने ठरवून दिलेल्या जागेत हा संसार हजारो वर्षे नीट चालला.

पाहुणा आला कसा?

सायप्रिनसचे मूळ घर म्हणजे पूर्व युरोपातील डॅन्यूब नदीपासून आशियापर्यंत पसरलेला प्रदेश. माणसाने पाळलेल्या सर्वांत जुन्या माशांत त्याची गणना होते. चीनमध्ये त्याचे संगोपन प्राचीन काळापासून होत आले. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, या माशासाठी विस्तीर्ण तळी खोदण्यात आली. त्यांपैकी रोझ्मबेर्क नावाचे प्रचंड तळे १५९० मध्ये पूर्ण झाले आणि आजही तेथे शरद ऋतूत पाणी सोडून मासे काढतात. तेथील लोकांचे नाताळचे जेवण या माशावाचून पुरे होत नाही. आंचारवर ज्या माशाकडे पाहून मच्छीमार तोंड फिरवितो, त्याच माशासाठी तेथे डिसेंबरच्या थंडीत भररस्त्यावर रांगा लागतात. आणखी एक विपरीत गोष्ट म्हणजे, त्याच्या मूळ प्रदेशातील खऱ्याखुऱ्या रानटी वाणाची स्थिती चिंताजनक असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची नोंद असुरक्षित जातींत केली आहे.

भारतात हा मासा १९३९ मध्ये सिलोनमधून निलगिरीत, उटकमंडच्या सरोवरात आणला गेला. अंगावर तुरळक पण मोठे, आरशासारखे चकाकणारे खवले असलेला हा जर्मन वाण थंड हवेसाठी योग्य होता. पुढे १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरा वाण कटकला आला आणि तो मैदानी प्रदेशात पसरला. काश्मीरच्या सरोवरांत त्याचा प्रवेश १९५० नंतरच्या दशकात झाला.

त्या काळची विचारसरणी समजून घेतल्याखेरीज या निर्णयाला दोष देणे अन्यायाचे होईल. देशात अन्नाची टंचाई होती आणि मत्स्योत्पादन वाढविण्याची निकड होती. रोहू, कटला व मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत. त्यांचे बीज पावसाळ्यातील पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या माशांची पिल्लेही मिसळलेली असत. हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी कटक येथे १९५७ मध्ये पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण देऊन या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हा कोठे ही अडचण दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला. तोपर्यंत, कोणत्याही तळ्यात स्वतः विणारा, मिळेल ते खाणारा, थंडी व उष्णता दोन्ही सोसणारा आणि झपाट्याने वाढणारा मासा म्हणजे मत्स्य खात्यांना वरदानच वाटले असल्यास नवल नाही. अमेरिकेच्या मत्स्य आयोगाने १८७७ मध्ये जर्मनीतून हाच मासा आणला आणि पुढे लोकांच्या मागणीवरून तो राज्याराज्यांत वाटला. काही दशकांतच तेथील लोक त्याला सरोवरांतून हाकलून कसे लावावे याची चर्चा करू लागले. हा अनुभव १९५० पर्यंत छापील स्वरूपात उपलब्ध होता. तो आपल्याकडे अधिक लक्षपूर्वक वाचला गेला असता तर बरे झाले असते, एवढे मात्र म्हणावे लागते.

वरदानाच्या म्हणून गणलेल्या याच गुणांनी पुढे घोटाळा केला. एक किलो वजनाची मादी लाखाच्या घरात अंडी देते. अंडी चिकट असतात. ती पाणवनस्पतींना लगडून राहतात आणि दल, आंचार व वुलर या सरोवरांत पाणवनस्पतींना तोटा नाही. ओढ्यात चढून जाण्याची यातायात नाही, वाळूगोट्यांची अट नाही. या माशाचे तोंड नळीसारखे पुढे येते. तो तळातील चिखल तोंडात ओढतो, चाळतो, त्यातील किडे व बी खाऊन उरलेला गाळ बाहेर टाकतो. जबड्यात दात नसले तरी घशात भक्कम दात असतात, त्यांनी तो गोगलगायीही फोडतो. असे हजारो मासे रात्रंदिवस तळ नांगरू लागले म्हणजे पाणी गढूळ होते, कोवळ्या वनस्पती उपटल्या जातात, तळात बसलेली पोषकद्रव्ये वर येतात आणि त्यांवर शेवाळ पोसते. अल गाड ज्या जागी चरते व अंडी घालते तीच जागा हा बळकावतो. आज खोऱ्यातील सरोवरांतून निघणाऱ्या मासळीत बहुतांश भरणा पंजीबचाच असतो आणि काशुर गाड मुख्यतः नद्यानाल्यांतून व तीही थोडी मिळते.

सारा दोष माशावर टाकणे मात्र सोयीचे असले तरी खरे नाही. दलमध्ये शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे उतरत आले. वुलर, ज्याला प्राचीन काळी महापद्मसर म्हणत व ज्याला १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले, त्याच्या पात्रात वितस्तेने आणलेला गाळ साठला आणि विसाव्या शतकात तेथे विलोची झाडे लावण्यात आली. ओढ्यांतून वाळू व गोटे काढले गेले, तेव्हा त्यांबरोबर माशांची बाळंतपणाची खोलीही गेली. पाणी घाण व उबदार झाले की त्यात कमी प्राणवायूवर निभावणारा मासा टिकतो व शुद्ध पाण्याचा मासा मागे हटतो. पडीक शेतात हरळी माजते तेव्हा जमीन कोणी पडू दिली हेही विचारावे लागते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पंजीब गाड स्वस्त आहे म्हणूनच ती गरिबाच्या ताटात पडते. हिवाळ्यात भाजीपाला महाग होतो, रस्ते बंद पडतात, तेव्हा प्रथिनांचा हा आधार लहान नव्हे. टोपलीतील ते सात मासे विकले गेले नाहीत तर घरी शिजतात, उपाशी कोणी राहत नाही. तळाशी सुस्त पडून राहण्याच्या त्याच्या सवयीमुळे, थंडीत भाल्याने तो सापडतोही लवकर. पाण्याचे तापमान १० अंशांच्या खाली गेले की हा मासा खाणे कमी करतो व हालचाल मंदावतो. काशुर गाड त्याच थंडीत चपळ असते. म्हणून छायेखाली बसलेल्या माणसाला एखादी काशुर गाड दिसलीच, तरी ती भाल्याच्या टप्प्यात क्षणभरच असते. पुतण्याचे म्हणणे असे की मासा तो मासा, वजन भरले म्हणजे झाले. काकाचे म्हणणे असे की ज्या माशावरून आपल्याला सरोवर कळते तोच गेला, तर उद्या भाला धरायला कोण शिकेल? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पुतण्या पुढील हिवाळ्यात शहरात मजुरीला जाण्याच्या विचारात असतो आणि हांज समाजातील अनेक तरुणांनी तो मार्ग याआधीच धरला आहे.

देशी माशांचे बीज कृत्रिम रीतीने तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. पक्व नर-मादी पकडून त्यांची अंडी व रेत हलक्या हाताने पिळून एकत्र करणे आणि वाहत्या थंड पाण्यात ती उबविणे, ही पद्धत शायझोथोरॅक्सच्या काही जातींत यशस्वी झाली आहे. गांदरबल जिल्ह्यातील रंगील येथे शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाची मत्स्यविज्ञान शाखा आहे आणि उत्तराखंडातील भीमताल येथील केंद्रीय संस्थाही शीतजलातील माशांवर संशोधन करते. पिल्ले सोडता येतात. ती मोठी होऊन अंडी घालतील असा ओढा त्यांना परत मिळवून देणे हे अधिक अवघड काम आहे. आणि एकदा मोठ्या जलाशयात रुजलेला सायप्रिनस समूळ काढून टाकणे अत्यंत कठीण असते. ऑस्ट्रेलियात या माशाने मरे-डार्लिंग नद्यांचे खोरे व्यापले; तेथील सरकारने २०१६ मध्ये रोगजंतू सोडून त्याला आवर घालता येईल काय याच्या अभ्यासाची योजना जाहीर केली, यावरून प्रश्न किती हट्टी आहे याची कल्पना यावी.

आपल्या शेततळ्यासंबंधी

महाराष्ट्रातील शेतकरी बंधूंना आता प्रश्न पडेल की मिश्र मत्स्यशेतीत कटला, रोहू व मृगळ यांच्या जोडीला सायप्रिनस सोडण्याची शिफारस तर सर्वत्र केली जाते. ती चूक काय? ती चूक नाही. बंदिस्त तळे व खुले सरोवर यांत फरक आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात. त्यामुळे तळ्यातील सर्व अन्न वापरले जाते. वर्षभरात सायप्रिनस सुमारे किलोपर्यंत भरतो. मात्र तळाच्या दोन्ही जाती मिळून एकूण बीजाच्या ३० ते ४० टक्क्यांहून अधिक नसाव्यात, नाहीतर मृगळ उपाशी राहतो.

थंडीचे दिवस याच दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आपल्या हवेत सायप्रिनस सहा महिन्यांतच पक्व होऊ शकतो आणि जानेवारी ते मार्च हा त्याचा मुख्य विणीचा हंगाम असतो. पावसाळ्यात तो पुन्हा वितो. कटला-रोहूची पिल्ले तळ्यात आपोआप होत नाहीत, ह्याची होतात. शेतकऱ्याने हेक्टरी पाच-सहा हजार बोटुकली मोजून सोडलेली असतात आणि मार्चअखेर तळ्यात किती तोंडे खाद्याला आली याचा हिशेब त्याला राहत नाही. मग जाळे ओढले की बोटभर सायप्रिनसची रास निघते, कटला मात्र अपेक्षेच्या निम्म्याने भरलेला असतो. यावर सोपा उपाय असा की डिसेंबरपासून तळ्यातील पाणवनस्पती काढून टाकाव्यात, म्हणजे अंड्यांना चिकटण्यास आधार मिळणार नाही. काढल्या नसल्यास जानेवारीपासून दर दोन दिवसांनी सकाळी काठच्या वनस्पती हातात घेऊन पाहाव्यात. त्यांवर साबुदाण्याहून लहान, पिवळसर पारदर्शक अंडी दिसली तर त्या वनस्पती लगेच उपसून उन्हात टाकाव्यात. उबदार पाण्यात अंडी दोन-तीन दिवसांतच फुटतात, म्हणून दिरंगाई करू नये. किलोच्या आसपास भरलेले सायप्रिनस विणीपूर्वीच, म्हणजे डिसेंबरात, विकून टाकणे सर्वांत उत्तम.

मातीच्या बांधाच्या तळ्यात हा मासा काठ पोखरतो. पाण्याच्या रेषेशी बांध खचलेला दिसला तर उंदीर-घुशींबरोबर याचाही विचार करावा. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात ती भीती नाही. परंतु तळाशी साठलेला गाळ तो ढवळीत असल्याने ठिबक संचाच्या गाळण्या वरचेवर तुंबतात, असा अनुभव येऊ शकतो.

सांडव्याला बारीक आसाची जाळी बसविल्याखेरीज मात्र हा मासा सोडूच नये. पहिल्याच मोठ्या पावसात तळे भरून वाहते आणि त्यातील मासे ओढ्यात, ओढ्यातून नदीत जातात. सह्याद्रीच्या नद्यांत अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या कितीतरी देशी जाती अजून टिकून आहेत. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहातील महाशीर माशांना गावकरी देवाचे मासे मानून हात लावीत नाहीत. लोणावळ्याच्या वळवण येथे १९७० नंतर महाशीरच्या बीजाचे केंद्र उभे राहिले. जाळी पाण्याच्या बाजूस लाकडी चौकटीत तिरकी बसवावी, म्हणजे पालापाचोळा वर सरकतो व ती फाटत नाही. पावसाळ्यात रोज एकदा ती साफ करावी. तळे मोडताना उरलेले जिवंत मासे जवळच्या धरणात किंवा नदीत ‘सोडून देण्याची’ चाल पुण्याची वाटते, पण ती अनेक ठिकाणी घातक ठरली आहे. ते विकावेत, वाटावेत किंवा खावेत.

खाण्यासंबंधी एक तक्रार नेहमी ऐकू येते की या माशाला चिखलाचा वास येतो. तळाचा गाळ उपसणारा मासा असल्याने तो काही वेळा येतो खरा. त्यासाठी मासा जिवंत असतानाच स्वच्छ पाण्याच्या हौदात दोन-तीन दिवस खाद्याशिवाय ठेवावा व पाणी रोज बदलावे. बोहेमियातही नाताळपूर्वी असेच करतात. मग पोट साफ करून, आतील काळसर पडदा खरवडून, तुकड्यांना हळद, मीठ व चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवावेत. काटे पुष्कळ असल्याने तुकडे आडवे व पातळ करावेत आणि कालवण करताना काश्मिरी पद्धतीने हिवाळ्यातील कोवळा मुळा चकत्या करून आधी तेलावर परतून घ्यावा.